झायनचा ऑब्झर्वेशन पॉइंट, ईस्ट मेसाच्या सोप्या वाटेने

युटाहमधल्या झायन नॅशनल पार्कला जाऊन आलं की लोक पहिला प्रश्न एंजल्स लँडिंगचाच विचारतात. केलं का, साखळ्या धरून चढलात का, परमिट लागलं का लॉटरीत. मला मात्र कोणी विचारलं की झायनमध्ये एकच मोठी हाइक करण्याएवढा वेळ आहे, काय करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ऑब्झर्वेशन पॉइंटला जा आणि ईस्ट मेसाच्या, म्हणजे पूर्वेकडच्या पठारावरच्या, वाटेने जा. एंजल्स लँडिंगची उंची ५,७९० फूट आणि ऑब्झर्वेशन पॉइंट साधारण साडेसहा हजार फुटांवर, म्हणजे ज्या सुळक्यावर चढायला लोक लॉटरीचे अर्ज भरतात तो अख्खा सुळका इथून तुम्हाला सातशे फूट खाली दिसतो. आणि इथे यायला ना लॉटरी ना साखळ्या ना छातीवर येणारा चढ.

आम्ही गेलो ते आई-बाबा इकडे आले होते तेव्हा, ऑक्टोबरमध्ये. आई रोज न चुकता चालणारी आहे, सपाटीवर तिला तासन्‌तास चालवा, पण चढ-उतार म्हटला की गुडघे बोलायला लागतात. बाबांचं उलटं, त्यांना चढ चालतो पण कड्याच्या कडेला उभं राहिलं की गरगरतं. अशी दोन माणसं घेऊन झायनमध्ये काय करायचं याचा मी बरेच दिवस विचार करत होते, कारण खालच्या व्हॅलीत शटलमधून फिरून, नदीकाठी चालून परत यायचं हेही छानच आहे पण त्यात झायन अर्धंच कळतं असं मला ठामपणे वाटतं. का वाटतं ते पुढे सांगते.

आधी या पॉइंटची जुनी वाट कशी होती ते सांगायला पाहिजे, म्हणजे ही दुसरी वाट किती वेगळी आहे ते लक्षात येईल. जुनी वाट खालून, वीपिंग रॉकच्या शटल स्टॉपपासून सुरू व्हायची. जाऊन-येऊन ८ मैल आणि चढ २,१०० फुटांच्या वर. सुरुवातीपासूनच कड्यावर कोरलेली वळणं, मग एको कॅन्यनची अरुंद थंडगार घळ, मग परत उघड्या कड्यावरची वळणं, उन्हात. सुंदर वाट होती यात वाद नाही, माझ्या नवऱ्याने ती बऱ्याच वर्षांपूर्वी केलेली आहे आणि तो अजून तिच्याबद्दल बोलतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये वरून केबल माउंटनच्या कड्याचा मोठा तुकडा सुटला आणि वीपिंग रॉकच्या परिसरात येऊन आदळला, काही पर्यटकांना दुखापत झाली, आणि तेव्हापासून खालून वर जाणारी ती वाट बंद झाली. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होती. दरड पडली म्हणजे झायनमध्ये काहीतरी विपरीत घडलं असं नाही, हा कॅन्यन रुंद होतो तोच असा. नदी खाली खोल कापत जाते, बाजूचे कडे भेगांमधल्या पाण्याने आणि बर्फाने सुटे होतात आणि एक दिवस कोसळतात. आपण भिंती म्हणून ज्यांचे फोटो काढतो त्या सगळ्या भिंती अशाच पडून पडून तयार झालेल्या आहेत.

तर आता ऑब्झर्वेशन पॉइंटला जायचं तर मागून, पठारावरून जायचं. जाऊन-येऊन साधारण ७ मैल, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच, पण चढ सगळा मिळून ७०० फुटांच्या आसपास. एक तृतीयांश! कारण साधं आहे, चढायचं ते सगळं गाडीच चढते.

आणि तो गाडीचा रस्ता म्हणजे हाइकचाच भाग धरायला हरकत नाही. स्प्रिंगडेल या पार्कच्या दाराशी असलेल्या गावाहून निघालं की पार्कच्या दक्षिण गेटमधून आत शिरायचं, शटलवाला कॅन्यनचा रस्ता डावीकडे सोडून द्यायचा आणि हायवे ९ ने वळणं घेत वर चढायचं. मग येतो तो बोगदा, १.१ मैल लांबीचा, १९३० मध्ये पूर्ण झालेला, कड्याच्या पोटातून कड्याला समांतर नेलेला. मधेमधे त्याला कड्याच्या बाजूने मोठ्या खिडक्या कोरलेल्या आहेत, काळोखातून जाताना क्षणभर लख्ख उजेड आणि समोर लाल भिंत असं दिसतं आणि परत काळोख. आत थांबायला मनाई आहे त्यामुळे जे दिसेल ते चालत्या गाडीतून. बाबा पुढच्या सीटवर होते आणि प्रत्येक खिडकीला "अरे थांब थांब" म्हणत होते, नवरा म्हणतोय "बाबा, नाही थांबता येत हो इथे."

बोगद्यातून बाहेर पडलं की जग बदलतं. उंच भिंती गायब, त्याऐवजी गोलसर, फिकट, वळ्या पडलेले खडक. पूर्व गेटच्या जवळ चेकरबोर्ड मेसा लागतो, त्याच्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आहे. आडव्या रेघा म्हणजे जुन्या वाळूच्या टेकड्यांचे थर आणि उभ्या रेघा म्हणजे नंतर गरम-थंड होऊन, पाणी गोठून-वितळून पडलेल्या भेगा. तिथे पाच मिनिटं थांबाच, कारण पुढे कड्यावर जे बघायचंय त्याचं मूळ इथे हाताला लागेल इतकं जवळ आहे.

पूर्व गेटमधून पार्कच्या बाहेर पडून थोडं पुढे गेलं की डावीकडे नॉर्थ फोर्क रोड लागतो. तो पकडून उत्तरेला जायचं, मग एका मोठ्या रँच रिसॉर्टच्या आवारातून आत, आणि शेवटचा तुकडा कच्चा. स्प्रिंगडेलहून तासभर तरी धरा. हा शेवटचा कच्चा रस्ता हीच या हाइकमधली खरी अवघड गोष्ट आहे असं मी म्हणेन. कोरडा असेल तर खड्डे, चाकोऱ्या, थोडी वाळू, उंच गाडी असेल तर हळूहळू जाता येतं. ओला असेल तर विषय संपला, तिथली माती चिकणमाती आहे, पाऊस पडला किंवा बर्फ वितळत असलं की फोर बाय फोरसुद्धा रुतते. ट्रेलहेडला पार्किंगही थोडंसंच आहे. आम्ही रिसॉर्टपाशी गाडी ठेवून तिथून पैसे देऊन मिळणाऱ्या शटलने गेलो आणि मी प्रत्येकाला तेच सांगीन. भाड्याची सेडान त्या रस्त्यावर घालू नका. खालून येणारी फुकटची पार्क शटल इकडे येत नाही हे पण लक्षात ठेवा, ती फक्त मुख्य कॅन्यनमध्ये फिरते.

आता वाट.

सुरुवातीला कुंपण, एक पाटी, आणि समोर झाडी. एवढंच. कॅन्यनचं नामोनिशाण नाही. पहिले दोनेक मैल ही वाट म्हणजे पॉन्डेरोसा पाइनच्या जंगलातला जुना गाडीरस्ता आहे, रुंद, जवळजवळ सपाट, चार जण एका ओळीत गप्पा मारत चालू शकतील असा. आई एकदम खूश. पॉन्डेरोसाचं मोठं जुनं झाड असेल तर त्याची साल नारिंगी-तपकिरी होते आणि तिच्या भेगेत नाक खुपसलं की व्हॅनिलासारखा वास येतो. हे मी आधी वाचलं होतं, प्रत्यक्षात उन्हाने तापलेल्या सालीलाच वास नीट येतो, सकाळच्या सावलीतल्या झाडाला विशेष येत नाही, त्यामुळे जाताना न आलेला वास येताना आला. मधेमधे मँझनिटाची झुडपं, त्यांची गुळगुळीत गडद लाल खोडं हात लावून बघावीत अशी, आणि गॅम्बेल ओकची छोटी झाडं जी ऑक्टोबरमध्ये पिवळी-केशरी झालेली असतात. खाली कॅन्यनमध्ये पार्किंगसाठी आणि शटलच्या रांगेत जी मारामारी चालते तिचा इथे मागमूस नाही. त्या पहिल्या भागात आम्हाला माणसं दिसली ती अगदी तुरळक, आणि जी दिसली ती थांबून बोलणारी.

या जंगलाबद्दल एक तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, की सुरुवातीची वाट कंटाळवाणी आहे, काही दिसत नाही. मला हे अजिबात पटत नाही, उलट या वाटेचं सगळं मोठेपण त्या न दिसण्यात आहे. खालून झायन बघितलं की आपल्या मनात चित्र तयार होतं की आपण एका दरीत उभे आहोत आणि चारी बाजूंनी डोंगर आहेत. नावंही तशीच दिलेली आहेत, हा माउंटन, तो माउंटन. पण खरं तर तिथे डोंगर उभे राहिलेच नाहीत. होतं ते एक मोठं सपाट पठार, आणि ते वर उचललं जात असताना नदीने ते उभं कापलं. कॅन्यन म्हणजे जे कापून गेलं ते, आणि "डोंगर" म्हणजे जे कापायचं राहिलं ते. हे पुस्तकात वाचून कळतं पण अंगात मुरत नाही. ईस्ट मेसावरून चालताना ते पायांना कळतं. तुम्ही दोन-अडीच मैल सपाट जमिनीवरून, झाडांमधून, मातीवरून चालता, सगळं कसं एकसंध आहे, आणि मग जमीन संपते. चढ नाही, शिखर नाही, नुसती संपते.

तशी ती एकदम संपत नाही, आधी चाहूल लागते. वाट अरुंद होते, वाळू वाढते, पॉन्डेरोसा मागे पडून बुटके पिन्यन आणि जुनिपर सुरू होतात, आणि उजव्या बाजूला झाडांमधून एक खोल चीर दिसायला लागते. ती मिस्टरी कॅन्यन. दोर लावून उतरणारे लोक याच वाटेने येतात आणि तिथे शिरतात, आणि दोराने टप्पे उतरत उतरत शेवटी नॅरोज नावाच्या अरुंद घळीत, हा कॅन्यन कापणाऱ्या व्हर्जिन नदीच्या पाण्यात जाऊन उभे राहतात. आम्हाला असा एक ग्रुप भेटला, हेल्मेट, दोरांच्या पिशव्या, वेटसूट. त्यातल्या एका मुलीने आईला विचारलं तुम्ही पण उतरणार का, आणि आई तिला म्हणाली नो नो, ओन्ली वॉकिंग, आणि दोघी एवढ्या मनापासून हसल्या की सगळा ग्रुपच हसायला लागला.

मग उतार सुरू होतो. हो, या वाटेत व्ह्यूपॉइंटकडे जाताना शेवटी उतरायचं असतं. डावीकडे एको कॅन्यनच्या बाजूच्या पांढऱ्याफट्ट खडकाच्या भिंती, पायाखाली सुटी वाळू आणि दगड. आईला हा भाग जरा सांभाळून उतरावा लागला, ट्रेकिंगच्या दोन काठ्या होत्या तिच्याकडे, त्यांचा इथे खरा उपयोग झाला. थोड्या वेळाने खालून येणारी ती जुनी वाट येऊन मिळते, तिच्यावर पाटी लावून ती बंद केलेली. तिथून पुढे पॉइंट अगदी जवळ, वाट जवळजवळ सपाट, वाळूची. आणि मग झाडं बाजूला होतात.

मला वर्णन करायला जमेल तेवढं करते. तुम्ही कॅन्यनच्या भिंतीच्या टोकावर आहात आणि समोर, दक्षिणेकडे, अख्खा झायन कॅन्यन लांबीने पसरलाय. आडवा नाही, लांबीने, हे महत्त्वाचं, कारण बहुतेक व्ह्यूपॉइंटवरून आपण दरीच्या पलीकडची भिंत बघतो, इथे आपण दरीच्या आतून तिच्या शेवटापर्यंत बघतो. दोन हजार फुटांहून जास्त खाली नदी, तिच्या काठाने कॉटनवुडची हिरवी-पिवळी पट्टी, आणि बिग बेंडला ती नदी घेते ते जबरदस्त वळण. त्या वळणाच्या पलीकडे एंजल्स लँडिंगची धार. आम्ही दुर्बीण नेली होती, त्यातून साखळ्यांजवळ चढणाऱ्या माणसांचे रंगीत ठिपके दिसत होते. डावीकडे ग्रेट व्हाइट थ्रोन, हा ऑब्झर्वेशन पॉइंटपेक्षाही थोडा उंच, आणि त्याच्या अलीकडे केबल माउंटन. रस्त्यावरून शटलची बस जाताना दिसते आणि तिचा आवाज मात्र पोचत नाही.

ही नावं कुठून आली तर १९१६ मध्ये फ्रेडरिक व्हायनिंग फिशर नावाचे एक मेथडिस्ट पाद्री इथे आले होते, एंजल्स लँडिंग आणि ग्रेट व्हाइट थ्रोन ही त्यांनी दिलेली नावं. त्याच्या कितीतरी आधीपासून हा सदर्न पायूट लोकांचा प्रदेश. १९०९ मध्ये सरकारने हा भाग पहिल्यांदा संरक्षित केला तेव्हा नाव मुकुंटुवीप असं होतं, आणि १९१९ मध्ये झायन नॅशनल पार्क झालं.

ग्रेट व्हाइट थ्रोनकडे बघताना एक गोष्ट नक्की बघा. त्याचा खालचा भाग लाल-तांबूस आहे आणि वर जाता जाता तो पांढरा होतो. खडक एकच आहे, नवाहो सँडस्टोन, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचं एक प्रचंड वाळवंट दबून घट्ट होऊन झालेला. वाळूच्या कणांवर लोहाचा पातळ थर होता म्हणून तो लाल, आणि वरच्या भागातलं लोह नंतर आतून वाहणाऱ्या पाण्याने धुऊन नेलं म्हणून तो पांढरा. जाड किती, तर काही ठिकाणी दोन हजार फुटांच्या वर. म्हणजे पॉइंटवर उभं राहून आपण जी खोली बघतो ती जवळजवळ सगळी एकट्या त्या वाळवंटाची खोली आहे. आणि ती कापणारी नदी आपल्याला वरून एवढीशी दिसते, पण ती पार्कमधून जाताना मैलाला ५० ते ८० फूट उतरते, एवढ्या उताराची नदी पूर आला की काय नेत असेल याचा अंदाज तिच्या काठच्या मोठाल्या धोंड्यांवरून येतो. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, ते कडेपासून चांगले लांब, एका जुनिपरला टेकून बसले होते आणि तिथूनच त्यांचा हिशोब चालू होता, किती घनफूट वाळू गेली असेल इथून. पॉइंटवरची जागा ऐसपैस आहे हे मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना कडेपासून लांब बसूनही सगळा देखावा दिसतो, त्यासाठी टोकावर जायची गरजच नाही. एंजल्स लँडिंगला ही सोय नाही.

केबल माउंटनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. खाली व्हॅलीत राहणाऱ्या वस्तीला बांधकामाला लाकूड हवं होतं आणि लाकूड होतं ते वर, आपण ज्यातून चालत आलो तशाच पॉन्डेरोसाच्या जंगलात. मधे दोन हजार फुटांचा उभा कडा, गाडीने फिरून आणायचं म्हणजे कित्येक दिवसांची वाट. डेव्हिड फ्लॅनिगन नावाच्या माणसाने १९०१ च्या सुमारास कड्याच्या टोकापासून खालपर्यंत तार ओढून लाकूड खाली सोडायची यंत्रणा उभी केली, आणि ती पुढे वीस-पंचवीस वर्षं चालली. तिचा लाकडी सांगाडा अजून कड्याच्या टोकावर आहे. मला यातून दिसतं ते असं की पठार आणि दरी ही एकाच जागेची दोन टोकं आहेत हे इथल्या लोकांना तेव्हाच पुरतं माहीत होतं. आज आपण फक्त खालचं बघून परत जातो.

आम्ही तिथे जेवलो आणि बराच वेळ बसलो. आणि तेवढ्यात एक कॉन्डोर आला. कॅलिफोर्निया कॉन्डोर, गिधाडासारखा प्रचंड पक्षी, पंखांचा पसारा साडेनऊ फूट. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते. मग उरलेले सगळे पकडून, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, १९९६ पासून ॲरिझोनामध्ये सोडायला सुरुवात केली आणि तिथून ते इकडे झायनच्या कड्यांमध्ये आले. २०१९ मध्ये झायनमध्येच एक पिल्लू जन्मलं, ते या कार्यक्रमातलं हजारावं पिल्लू. एरवी पक्षी आपल्या डोक्यावर असतो आणि आपण त्याचं पोट बघतो, पंखाखालचा पांढरा त्रिकोण दिसला की कॉन्डोर. इथे तो आमच्या खाली होता. त्याची पाठ दिसत होती, पंखावर लावलेला नंबरचा बिल्ला दिसत होता, एकदाही पंख न हलवता तो एको कॅन्यनवरून सरळ निघून गेला. टर्की व्हल्चर ही लहान गिधाडं इथे भरपूर असतात आणि लोक त्यांनाच कॉन्डोर समजतात, पण व्हल्चर पंख व्ही आकारात धरून डुगडुगत उडतो, कॉन्डोर विमानासारखा सपाट. फरक एकदा बघितला की कळतो.

आता त्या "सोप्या" शब्दावर मला मन मोकळं करायचंय. पॉइंटवर एक ग्रुप होता, त्यातला एक जण बोलता बोलता म्हणाला की खालून चढून आलं तरच खरं, हे म्हणजे चीटिंग. आई तिथेच बसली होती, तिला ते कळलं. काही बोलली नाही ती. पण मला ते खूप लागलं, आणि मी त्याच्यावर नंतर खूप विचार केला. कष्ट करून एखादी जागा गाठण्यात आनंद आहे हे मला मान्य आहे, मी स्वतः तशा हाइक करते. पण जागा बघण्याचा हक्क कष्टांच्या मापाने मिळतो हे मला मान्य नाही. पासष्टीच्या बाईने ७ मैल चालणं हे तिच्यासाठी खालून चढून येणाऱ्या पंचविशीच्या मुलापेक्षा कमी कसं? आणि मुळात या वाटेने येऊन तिला जे दिसलं, ते जमीन संपणं, ते खालून आलेल्याला दिसतच नाही. त्याला पूर्ण वेळ दरी दिसत असते, फक्त खोल खोल होत जाते. दोन्ही वाटा वेगवेगळं दाखवतात. एक दुसरीची हलकी आवृत्ती नाही.

येताना मात्र मनाची तयारी ठेवा. उतरून आलेला भाग दमल्यावर, दुपारच्या उन्हात, वाळूतून चढायचा असतो. फार मोठा नाही पण सोपी हाइक म्हणून ज्यांनी पाणी कमी आणलेलं असतं त्यांची इथे पंचाईत होते. वाटेवर पाणी कुठेच नाही, थेंबही नाही, माणशी तीन लिटर आम्ही नेलं होतं आणि ते संपलं. आई या चढाला दर थोड्या वेळाने थांबली, नवरा तिच्याबरोबर, आणि आम्हाला सगळं मिळून पाच तासांच्या वर लागले, त्यात वर बसलो तो वेळ धरून. घाई करायची नाही, शटल परतीची शेवटची कधी आहे ते मात्र आधी विचारून ठेवायचं.

बाकी थोडं. उंची साडेसहा-सात हजार फूट आहे, त्यामुळे खाली स्प्रिंगडेलमध्ये उकडत असलं तरी वर सकाळी जॅकेट लागतं. हिवाळ्यात इथे बर्फ असतो आणि वसंतात चिखल, म्हणून मेचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ बरा. जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि अशा वेळी उघड्या कड्याच्या टोकावर असणं म्हणजे विजेला आमंत्रण, त्या महिन्यांत पहाटे निघा आणि दुपारच्या आत झाडीत परत या. कड्याला कठडा नाही. खडकावर सुटी वाळू असते आणि तिच्यावरून बूट सरकतो, लहान मुलं असतील तर हात सोडू नका. पॉइंटवरच्या चिपमंक्सना खायला घालू नका, ते अंगावर येऊन मागतात, बॅगेची चेन उघडी दिसली तर आत शिरतात, पण त्यांना खायला घालायला बंदी आहे आणि ती त्यांच्या भल्यासाठीच आहे. ड्रोनलाही सगळ्या नॅशनल पार्कमध्ये बंदी आहे. कुत्रा नेता येत नाही. दिवसभराच्या हाइकला परमिट लागत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर वाटेची आणि रस्त्याची स्थिती बघाच.

आणि ज्यांना ७ मैल पण जास्त वाटतात त्यांच्यासाठी, त्याच रस्त्यावर, बोगद्याच्या पूर्व तोंडाशी कॅन्यन ओव्हरलूक ट्रेल आहे. जाऊन-येऊन एकच मैल, चढ दीडशे फुटांच्या थोडा वर, काही ठिकाणी रेलिंग, एके ठिकाणी कड्याला लागून लाकडी पूल. तिथून दिसतो तो पाइन क्रीकचा कॅन्यन आणि खालची हायवेची वळणं, मुख्य कॅन्यन थोडाच. पार्किंग अगदी थोडं आहे, सकाळी आठच्या आत पोचलं तर मिळतं. ईस्ट मेसाच्या दिवशी शटल सकाळी उशिराची मिळाली असेल तर आधी हे करून पुढे जाता येतं, आम्ही तसंच केलं होतं, आणि बाबांना त्या लाकडी पुलावर भीती वाटली तरी ते गेले, नवऱ्याचा खांदा धरून, भिंतीकडे तोंड करून.